मेच्या मांडवात ऊद कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीची लग्ने लागली की दैनिकांच्या लग्नसराई पुरवण्या निघतात. शेरवानी कुठल्या कापडाची, फेटा कोणत्या रंगाचा, दागिन्यांचा नवा घाट कोणता, यावर रकानेच्या रकाने भरतात. पुरुषांनी अंगाला कोणता सुगंध लावावा यावर मात्र ओळ सापडत नाही. तिकडे सांगलीच्या गणपती पेठेपासून विटा-जतच्या स्टँडसमोरच्या दुकानांपर्यंत 'अरेबियन परफ्यूम'ची फळी लांबतच चालली आहे. जड काच, सोनेरी टोपण, शंभर मिली, आणि वर 'भावा, दोन दिवस वास जात नाही' हा दुकानदाराचा हवाला. त्याचा परिणाम मे महिन्यात दिसतो. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, पत्र्याचा मांडव, चाळिशीला टेकलेला पारा, आणि पंगतीत शेजारच्याच्या मनगटावरचा ऊद थेट आपल्या श्रीखंडात. माल पुष्कळदा चांगलाच असतो. वेळ आणि मात्रा चुकलेली असते.

सुरुवात शब्दांपासून करावी लागेल, कारण पहिला घोटाळा तिथेच होतो. पुरुषांच्या कुठल्याही बाटलीला सरसकट 'कोलोन' म्हणायची पद्धत पडली आहे. मूळचे कोलोन म्हणजे जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेले, लिंबू-संत्र्याच्या सालींच्या वासाचे पातळ सुगंधी पाणी. तापात कपाळावर ज्याच्या घड्या ठेवत, ते यूडीकोलन याच जातीचे. त्यात सुगंधी अर्क जेमतेम दोन ते चार टक्के. ओ द टॉयलेटमध्ये तो साधारण पाच ते पंधरा, ओ द पार्फममध्ये पंधरा ते वीस, आणि एक्स्ट्रे म्हणून विकतात त्यात वीसच्या पुढे. अरबी धाटणीच्या बहुतेक बाटल्या शेवटच्या दोन प्रकारांत येतात. म्हणजे कोलोनच्या सवयीने सात-आठ फवारे मारणारा माणूस पाच-सहा पट अर्क अंगावर घेऊन मांडवात शिरतो.

दुसरा घोटाळा 'ऊद' या शब्दाचा. आपल्याकडे ऊद म्हणजे बाळ-बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर टाकायचा राळेसारखा खडा. अरबांचा ऊद म्हणजे अगरूचे लाकूड. मराठीने उदबत्ती आणि अगरबत्ती हे दोन्ही शब्द ठेवले, फरक मात्र विसरायला झाला. अगरूचे झाड आसाम-त्रिपुराकडचे. निरोगी झाडाच्या पांढुरक्या लाकडाला वास जवळपास नसतोच. खोडाला जखम होऊन बुरशी शिरली की झाड बचावासाठी राळ सोडते, लाकूड काळपट आणि जड होते, आणि तोच भाग सोन्याच्या तोलाने विकला जातो. झाडे बेसुमार तोडली गेल्यामुळे त्याची प्रमुख जात १९९५ पासून, धोक्यातल्या जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. दुबईत मोठे झालेले अजमल हे परफ्यूमच्या धंद्यातले नावसुद्धा आसामातल्या होजाईच्या घराण्याचे. धंद्याची सुरुवात १९५१ ची. परदेशी म्हणून आपण जे विकत घेतो, त्याची एक मुळी अशी इकडचीच आहे.

आता हिशेब करा. अस्सल ऊदाच्या तेलाला तोळ्यामागे हजारो रुपये पडतात. दीड-दोन हजारांच्या शंभर मिलीच्या बाटलीत बाटली, खोका, वाहतूक, आयात शुल्क आणि दुकानदाराचा नफा वजा जाता खऱ्या ऊदाला जागा उरत नाही. त्यात असतो तो प्रयोगशाळेत जुळवलेला ऊदाचा भास, आणि त्यात वाईट काही नाही. कस्तुरीचेही तसेच. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे. बाजारातला जवळपास प्रत्येक 'मस्क' कृत्रिम असतो आणि तसाच असायला हवा. व्हेलच्या आतड्यात तयार होणारे अंबरग्रीस बाळगणे किंवा विकणे आपल्याकडे गुन्हा आहे. त्याच्या तस्करीच्या बातम्या आपल्याच दैनिकात अधूनमधून येतात. बाटलीतले 'अंबर' म्हणजे लॅब्डॅनम नावाची झुडपाची राळ, लोबान आणि व्हॅनिला यांची गोडसर मोट, किंवा अंबरग्रीसची जागा घेणारे अॅम्ब्रॉक्सन हे प्रयोगशाळेतले द्रव्य. 'असली कस्तुरी' म्हणून कुणी कुपी पुढे केली, तर तो फसवतो आहे किंवा कायदा मोडतो आहे. दोन्ही परींनी पाय मागे घ्यावा.

निवड करताना तीनच गोष्टी पाहाव्यात: हवा किती तापली आहे, जागा बंद आहे की मोकळी, आणि समोरच्याचे नाक आपल्यापासून किती हातांवर असेल. उष्णतेने सुगंधाचे रेणू भराभर उडतात. डिसेंबरात संध्याकाळी जो ऊद-अंबर अंगाशी राहून हळूहळू उलगडतो, तो मेच्या दुपारी पहिल्या अर्ध्या तासात भडकून उठतो, घामात मिसळतो आणि उरतो तो नुसता चिकट गोडवा. लिंबूवर्गीय, पाणेरी, वाळ्याचे वास उन्हात टिकत कमी असले तरी खुलतात चांगले. पावसाळ्यात हवा दमट. गोड वास साचून राहतात आणि न वाळलेल्या कपड्यांच्या कुबट वासाशी त्यांची युती झाली की काही विचारू नका. श्रावणात वाळा किंवा मातीचे अत्तर, आणि कपडे आधी कडकडीत वाळलेले, एवढेच पथ्य.

दुपारच्या लग्नाला पाहुण्यांनी अरबी धाटणीतले हलके वास निवडावेत. रसासी कंपनीचे 'हवास' हे सफरचंद-लिंबू आणि पाणेरी वळणाचे. त्या जातीचा कुठलाही चालेल. पांढऱ्या मस्कचे अत्तरही चांगले. मात्रा दोन फवारे: एक बनियनच्या आत छातीवर, एक मानेच्या मागे कॉलरच्या आत. उघड्या गळ्यावर किंवा मनगटावर मारून उन्हात उभे राहू नये. अशा वासांत वापरल्या जाणाऱ्या बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते. ते काढून टाकलेले नसेल तर उन्हाने कातडीवर काळे चट्टे उठतात आणि महिनोन्महिने जात नाहीत. चांगल्या कंपन्या ते काढलेले तेल वापरतात, पण बाटलीवरून आपल्याला ते कळत नाही.

नवरदेवाचे गणित आणखी वेगळे. हळदीच्या दिवशी काहीही लावू नये. हळदीच्या पेठेच्या गावात हे सांगायला नको, पण हळद आणि तेल यांना स्वतःचा दणदणीत वास असतो आणि त्यावर दालचिनी-व्हॅनिला म्हणजे मसाल्याचा डबा सांडल्यासारखे होते. अक्षतांच्या दिवशी गळ्यात निशिगंध-गुलाबाचा हार दोन-तीन तास नाकाखाली असतो, त्यात होमाचा धूर. त्याच्या जोडीला गोड परफ्यूम आला की डोके धरते. हाराशी भांडणार नाही असे गुलाब-चंदनाचे किंवा नुसते चंदनाचे अत्तर घ्यावे. एक थेंब, काडीने, दोन्ही कानांच्या मागे. वधूच्या गजऱ्यात मोगरा असणारच, तोही ध्यानात घ्यावा. दोघांनी काय लावायचे ते आठवडाभर आधी एकदा एकत्र लावून पाहावे. शालूच्या रंगाला फेटा जुळवायला दुकानात तीन-तीन तास बसतोच की आपण.

जड वासांची खरी जागा म्हणजे संध्याकाळचा स्वागत समारंभ, तोही थंडीतला, उघड्या लॉनवरचा. लताफा कंपनीचे 'खमरा' हे खजूर, दालचिनी आणि व्हॅनिलाचे; 'असद' हे मिरी, तंबाखू आणि अंबरचे. केशर-गुलाब-ऊद ही तर अरबी सुगंधाची जुनी त्रयी. तीन फवारे पुरे, चार म्हणजे हद्द. दुपारच्या घामावर संध्याकाळचा थर चढवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. आंघोळीला वेळ नसेल तर निदान ओल्या पंचाने छाती, मान, काखा पुसून घ्याव्यात, पाच मिनिटे वारा घ्यावा आणि मगच बाटली उघडावी.

अरब देशांत सुगंध थरांनी लावतात. ती रीत आपल्याकडे नीट कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. आधी बखूर. बखूर म्हणजे अगरूच्या किंवा इतर लाकडाच्या, सुगंधी तेलात मुरवलेल्या चकत्या. आपले धुपाटणे चालते, विजेचे मिळते तेही चालते. नखाएवढा एकच तुकडा घ्यावा. निखारा लाल असताना टाकला तर लाकूड लगेच जळून करपट वास येतो. निखाऱ्यावर राखेची पांढरी साय धरली की मग ठेवावा. शेरवानी किंवा जोधपुरीची आतली बाजू बाहेर करून हँगरला लावावी आणि धुरापासून दीड-दोन हात वर, दोन-तीन मिनिटे धरावी. तुकडा काळा पडू लागला की चिमट्याने उचलावा, कारण त्यानंतर सुगंध नसतो, नुसता धूर असतो. बंद खोलीत कोळशाचे धुपाटणे कधीही ठेवू नये. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी उघडी हवीच. घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर हा खटाटोप करूच नये.

कपडे होईपर्यंत अंग कोरडे झालेले असते. कातडी फार कोरडी असेल तर वास टिकत नाही, म्हणून बिनवासाचे व्हॅसलीन अगदी पातळ चोळावे. त्यावर अत्तराचा एक थेंब: कोपराच्या वळीत, कानामागे. मनगटावर मनगट खसाखसा घासू नये. घर्षणाच्या उबेने वरचा नाजूक वास आधीच उडून जातो. दहा मिनिटे थांबून कपडे घालावेत आणि शेवटी परफ्यूमचे एक-दोन फवारे. थर एका कुळातले असावेत: गुलाबावर केशर-ऊद, चंदनावर मस्क, अंबरवर व्हॅनिला. पाणेरी वासाखाली ऊद घातला की दोन्ही वाया.

कपड्यांबद्दल दोन शब्द जास्त, कारण नुकसान इथे होते. आपल्याकडे समारंभ म्हटला की कडक इस्त्रीचा पांढरा नेहरू शर्ट. व्हॅनिलातले व्हॅनिलिन हवेने आणि उजेडाने तपकिरी होते. म्हणून गोड परफ्यूम बाटलीतही काळवंडतो आणि पांढऱ्या कापडावर आठवड्याभराने पिवळा डाग उठतो. केशर-ऊदाचे रंगीत अत्तर तर लगेच. त्यावर इस्त्री फिरली की डाग पक्का. फवारा वीत-दीड वीत अंतरावरून, तोही आतल्या बाजूला. रेशमी कुर्ता, जर आणि मोत्यांची माळ यांच्यावर काहीच मारू नये. अत्तर कापडाला लावायचे असेल तर जुन्या पद्धतीने कापसाचा फाया करून खिशात किंवा कानाच्या पाळीत ठेवावा. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी मैफल भरते, तसल्या बैठकीला हा फायाच शोभतो: हीना, शमामा (मसाले-वनौषधींचे अत्तर) किंवा वाळा. तिथे सतरंजीवर मांडीला मांडी लावून तासन्‌तास बसायचे असते. फवाऱ्याचा परफ्यूम पुढच्या तीन रांगांना षड्जाआधी ऐकू जातो.

शुक्रवारच्या नमाजला आणि ईदला बरेच जण अल्कोहोल नसलेले तेलाचे अत्तरच वापरतात. कनौजची जुनी पद्धत अशी, की तांब्याच्या डेगमध्ये फुले आणि पाणी तापवून वाफ बांबूच्या नळीने भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन साठायच्या भांड्यात, आणायची, आणि भपक्यात आधीच चंदनाचे तेल असायचे. ते वास धरून ठेवी. चंदन महागल्यावर त्याची जागा पॅराफिन आणि इतर स्वस्त वाहक तेलांनी घेतली. ओळखायची सोपी खूण: साध्या कागदावर एक थेंब टाकून ठेवावा. दोन दिवसांत वास गेला आणि तेलकट डाग जसाच्या तसा राहिला, तर पैसे मुख्यतः तेलाचे गेले. ईदला सकाळी हीना-मस्क, उन्हाळ्यात ईद आली तर गुलाब किंवा वाळा.

बाकीच्या प्रसंगांचे थोडक्यात. ऑफिस, बँक, वर्ग, एसटी, वडाप: एक फवारा, हलका, कपड्याच्या आत. मुलाखतीला तोही घरून निघण्यापूर्वी अर्धा तास. तालमीत आणि जिममध्ये काही नको, घाम आणि अंबर एकत्र आले की जोडीदार डाव विसरतो. मिरजेला दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना अजिबात नको. भूल उतरलेल्या, उलट्या होणाऱ्या, दम्याच्या रुग्णाला तो त्रास असतो. मयतीला आणि दहाव्यालाही नको. सागरेश्वरला, दांडोबाच्या डोंगरावर किंवा साताऱ्याकडच्या गडांवर जाताना गोड-फुलांचा वास लावू नये, आग्या मोहोळ उठायला तेवढे निमित्त पुरते. गणपतीच्या आरतीला फवारा मारून लगेच निरांजनापुढे उभे राहू नये: या बाटल्यांत बहुतांश भाग अल्कोहोलचा असतो, ओला कुर्ता पेट घेऊ शकतो. चार-पाच मिनिटे वाळू द्यावे.

जास्त लावले जाते ते नाकाच्या एका खोडीमुळे. पंधरा-वीस मिनिटांत आपले नाक आपल्याच वासाला सरावते, आणि माणसाला वाटते उडून गेला. मग पुन्हा बाटली. शिवाय मस्कचे काही मोठे रेणू काही जणांच्या नाकाला मुळातच कळत नाहीत. अशा माणसाला 'या परफ्यूमला वासच नाही' असे वाटते आणि घरचे खिडक्या उघडतात. दुसऱ्यांदा लावण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारावे, तेही दोन हातांवरून.

खरेदीतही घाई नडते. बाटली उघडून नाकाला लावली तर अल्कोहोलच कळते. कागदाच्या पट्टीवर मारून दहा मिनिटांनी पहिला वास घ्यावा, अर्ध्या तासाने दुसरा. पसंत पडला तर बाहीने झाकलेल्या मनगटावर एक फवारा मारून घरी जावे. चार तासांनी जे उरते ते खरे, कारण दिवसभर तेच सोबत असणार आहे. एका फेरीत तीनपेक्षा जास्त वास घेऊ नयेत. कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याने नाक 'कोरे' होत नाही; बाहेर येऊन मोकळी हवा घ्यावी किंवा स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा. उन्हाळ्यासाठी घ्यायचे तर दुपारी जाऊन पाहावे, एसी दुकानात सगळेच सुरेख वाटते. आणि पहिल्यांदा शंभर मिली घेऊच नये. एका फवाऱ्यात साधारण एक दशांश मिली जाते, म्हणजे शंभर मिलीत हजारभर फवारे. दिवसाआड दोन मारले तरी जवळपास पावणेतीन वर्षे. अत्तर तीन मिलीच्या कुपीत मिळते, बाजारात तिला पाव तोळा म्हणतात. सहा मिली अर्धा, बारा मिली तोळा. पाव तोळ्याने हंगाम काढावा, मग ठरवावे. बाटली कपाटात, अंधारात, खोक्यासकट ठेवावी. न्हाणीघरातली फळी आणि गाडीचा डॅशबोर्ड या दोन्ही जागा सुगंधाचा जीव घेतात.

शेवटी लेबल, आणि यासाठीच हे पत्र मुख्यतः आपल्याकडे पाठवत आहोत. आयात केलेल्या बाटलीवर भारतातल्या आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, मिली, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक संपर्क छापलेला असलाच पाहिजे. वैधमापन शास्त्राचे २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम तसे सांगतात. परफ्यूम कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो, म्हणून २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे आयातीचा नोंदणी क्रमांकही लागतो. 'पाहुण्यांनी दुबईहून आणलाय' म्हणून काउंटरखालून निघणाऱ्या बाटलीवर यातले काही नसते. खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडाचा बॅच क्रमांक जुळतो का ते पाहावे. फवाऱ्याची धातूची मान काचेवर दाबून बसवलेली असावी. आटे फिरवून उघडणारी बाटली पुन्हा भरता येते. फवारा धुक्यासारखा न पडता थेंब थेंब पडला तरी संशय घ्यावा. बिल मागावे. बिल नाकारले किंवा अंगावर पुरळ उठले आणि दुकानदार हात वर करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुरळ उठलेल्या बाटलीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडेही करता येते. त्यासाठी उरलेली बाटली आणि खोका फेकू नये.

आमच्याच व्यवसायातल्या मंडळींना एक विनंती. सुटे अत्तर कुपीत भरून देताना नुसते 'ऊद नं. १' किंवा 'दुबई स्पेशल' असे चिकटवू नये. आत वाहक तेल कोणते, किती मिली आणि कुपी कधी भरली, एवढे तरी पेनने लिहून द्यावे. आणि आपल्या पुढच्या लग्नसराई पुरवणीत फेट्याच्या शेजारी यातला एखादा परिच्छेद छापता आला तर पाहावे. मेचे मुहूर्त लांब नाहीत.

कळावे,
अत्तर व सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायातील काही जण,
सांगली-मिरज